ताकदीची गरम सुई

अंग दुखतंय? सुई घ्या. जेवण जात नाही? सुई घ्या. ओव्हरटाइम करून डोळे मिटायला लागलेत? मग तर सुईच! मंडळी, सुई टोचल्याशिवाय ज्याला डॉक्टरकडे गेल्यासारखंच वाटत नाही, असा एक तरी माणूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असतो. दापोडीच्या चाळीतले साहेबराव त्यातलेच. पिंपरीच्या एका कारखान्यात ते प्रेसवर काम करायचे. डबल शिफ्ट लागली, की आधी रेल्वे फाटकाजवळच्या दवाखान्यात जाऊन कॅल्शियमचं इंजेक्शन घ्यायचं, हा त्यांचा नेम होता.

शिरेत औषध जायला लागलं, की घशापासून तळपायापर्यंत ऊब पसरायची. "भट्टी पेटल्यागत वाटतं, राव!" साहेबराव छाती ठोकून सांगायचे. "हीच तर ताकद! अशी कुठं मिळती व्हय?" त्यांचं ऐकून निम्मी चाळ त्या रांगेत उभी राहायला लागली होती.

एक्याऐंशी सालच्या मे महिन्यात चऱ्होलीला त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. साहेबरावांची बायको केसरबाई म्हणजे नवरीची एकुलती एक मामी. तिनं चार दिवस तिथं कंबर कसून उभं राहावं, अशी सगळ्यांची अपेक्षा. पण केसरबाईला नळावरून हंडा आणला तरी धाप लागायची. लहानपणी सांधेतापानं तिच्या हृदयाची झडप अधू केली होती, आणि मोठ्या इस्पितळातून मिळणाऱ्या गोळ्या ती रोज घेत होती. साहेबरावांचा बायकोवर फार जीव! तिची धाप त्यांना बघवत नसे.

"चल, तुला बी एक सुई देऊन आणतो," एका संध्याकाळी ते म्हणाले. "लग्नात पोरींच्या पुढं पळशील बघ!"

दवाखान्यात डॉक्टरांनी दंडाला रबरी नळी बांधली. केसरबाई पदर सावरत हळूच नवऱ्याला म्हणाली, "अहो, माझ्या गोळ्यांचं सांगा की त्यांना."

साहेबरावांनी डोळे वटारले. दुसऱ्या डॉक्टरचं नाव काढलं, की हे डॉक्टर चिडतात आणि 'मग तिकडंच जा' म्हणतात, हे सगळ्या चाळीला पक्कं ठाऊक होतं. तसं म्हणताना त्यांना कुणी कधी ऐकलं नव्हतं, तरी ठाऊक होतं!

"काही आजार वगैरे?" डॉक्टरांनी सुई हातात घेता घेता विचारलं.

केसरबाईनं तोंड उघडलं. पण साहेबराव आधीच बोलून मोकळे झाले. "काय न्हाई, डॉक्टर! नुसता अशक्तपणा हाय. तिला काय कळतंय? तुमी द्या."

डॉक्टरांनीही पुढं काही विचारलं नाही. बाहेर रांग होती. त्यांनी सुई शिरेत टोचली.

"गरम गरम वाटतंय हो," केसरबाई म्हणाली. साहेबराव हसले. "मग! मी काय सांगत होतो?" आणि ते हसू ओठांवर असतानाच केसरबाईनं छातीला हात लावला. "अहो, कसंतरीच होतंय..." एवढं म्हणून ती बाकावर आडवी झाली. डोळे फिरले, ओठ निळसर पडले. डॉक्टरांनी मनगट धरलं आणि त्यांचाच चेहरा पांढरा पडला. "अरे देवा! नाडी लागत नाही नीट. रिक्षा बोलवा, लवकर!"

गोळ्या मिळायच्या त्याच मोठ्या इस्पितळात, कॅल्शियमची सुई दिली एवढं साहेबरावांनी सांगताच तिला आत नेलं आणि दार बंद झालं. साहेबराव दाराशी उभे राहिले. हे काय झालं? ताकद आणायला नेलं होतं हो बायकोला! बऱ्याच वेळानं डॉक्टर प्रभावती बाहेर आल्या. केसरबाईच्या गोळ्या त्याच ठरवून देत असत.

"धोका अजून टळलेला नाही," त्या म्हणाल्या. "कॅल्शियम कुणी टोचलं हिला?"

"त्या फाटकाजवळच्या डॉक्टरला मी सोडणार न्हाई, बाई!" साहेबराव कडाडले. "माज्या बायकोला मारायला निघाला!"

"त्यांनी विचारायला हवंच होतं. पण तुम्ही गोळ्यांचं सांगितलं होतं का त्यांना?"

साहेबराव मान खाली घालून पुटपुटले, "ती सांगत होती... मीच सांगू दिलं न्हाई."

प्रभावतीबाई बघतच राहिल्या. "म्हणजे बाई जिवाचं सांगत होती, आणि तुम्ही तिला गप्प केलंत?"

"ताकद यावी म्हणून केलं हो, बाई! ती ऊब..."

"ती ऊब म्हणजे ताकद नव्हे! औषधानं रक्तवाहिन्या सैल पडतात, म्हणून अंग गरम लागतं. खरी ताकद कुठं तयार होते, ठाऊक आहे? शरीराच्या एकेका पेशीत बारीक बारीक तंतुकणिका असतात. खाल्लेल्या अन्नातून शक्ती काढायच्या भट्ट्याच म्हणा. हृदयाच्या पेशीत तर त्या खच्चून भरलेल्या. ठोका पडताना पेशीत कॅल्शियम वाढतं, ठोका संपला की ओसरतं. त्यातलं थोडं तंतुकणिका आत घेतात, आणि अलीकडचे संशोधक म्हणतात, की त्या इशाऱ्यावर त्या आणखी जोमानं शक्ती तयार करतात. मग घेतलेलं परत सोडून देतात. निरोगी माणसात हे असंच चालतं."

"मग जास्त दिलं तर जास्त जोम..."

"तिथंच तर सगळे फसतात! तुमच्या कारखान्यात भट्टीच्या खोलीत पाणी शिरलं, तर भट्टीवाला काय करील?"

"भट्टी सोडून पाणी उपसंल," साहेबराव म्हणाले.

"तंतुकणिका तेच करतात. कॅल्शियमचा लोंढा आला, की शक्ती तयार करायचं टाकून त्या तोच गिळत बसतात. गिळून गिळून फुगतात, फुटतात, आणि पेशी मरते. आता ऐका. केसरबाईच्या गोळीमुळं हृदयाच्या पेशीत कॅल्शियम आधीच थोडं जास्त राहतं. त्यानंच तिचा ठोका जोरात पडतो. त्यावर तुम्ही लोंढा सोडलात! ठोके बेताल सुटले."

साहेबराव मटकन खाली बसले. निम्म्या चाळीला त्यांनीच त्या रांगेत उभं केलं होतं! त्यात आणखी कुणाच्या घरी अशा गोळ्या असतील?

उजाडताना केसरबाईचे ठोके ताळ्यावर आले. साहेबरावांना आत सोडलं. तिनं डोळे उघडून नवऱ्याकडं पाहिलं आणि अगदी क्षीण आवाजात विचारलं, "आता तरी त्यांना सांगितलं का, गोळ्यांचं?"

साहेबराव लहान पोरासारखे रडले.

लग्नाला केसरबाई गेली, पण खुर्चीवर बसून राहिली. "मामी कामाला उठणार न्हाई," साहेबरावांनी चऱ्होलीत पाऊल ठेवताच बजावलं, आणि पंगतीत वाढायला स्वतः उभे राहिले. पुढं डबल शिफ्टही त्यांनी सोडली. शीण झोपेनं जातो, सुईनं नाही, हे आता ते चारचौघांत सांगतात.

मग एकदा रांगेतल्या चाळकऱ्यांना सावध करायला ते फाटकाजवळच्या दवाखान्यात गेले. शेजारचे दत्तोबा बायकोला घेऊन डॉक्टरांसमोर बसले होते. डॉक्टर आता आधी विचारायला लागले होते, "दुसऱ्या कुणाच्या गोळ्या चालू आहेत का?" दत्तोबांची बायको काही बोलणार, तोच दत्तोबा म्हणाले, "न्हाई न्हाई, तिला काय..."

"दत्तोबा!" साहेबराव एवढ्यानं ओरडले, की सगळी रांग दचकली. "बोलू दे तिला!"

मंडळी, डॉक्टरांपासून औषध लपवणं म्हणजे रोग्याशी दावा मांडणं आहे. अंगात गेलेली प्रत्येक चांगली वस्तू चांगलंच करते असं नाही. आणि ज्या अंगात औषध जायचं, त्या अंगाच्या धन्याला आधी बोलू द्या. मग ती तुमची बायको का असेना!