पहिलं वर्ष भाड्याने राहा

परदेशातून उंच डोंगरातल्या कुएन्का गावात राहायला येणाऱ्या माणसाला सोइला किश्पी पहिली गोष्ट सांगायची ती बुटांची. पाय मोठे असतील तर बूट तिकडूनच आणा, इथे तुमच्या मापाचे मिळायचे नाहीत. मग बाकीचं. जन्माचे, लग्नाचे, पोलिसांचे दाखले निघण्याआधीच शिक्के मारून घ्या. खिशात सुट्टे ठेवा, मोठी नोट पाहिली की इथल्या दुकानदाराचा चेहरा सुतकी होतो. लिफ्टमध्ये शिरताना अनोळखी माणसालाही नमस्कार घाला. नळवाला 'आत्ता येतो' म्हणाला तर जेवून घ्या, वाटल्यास एक डुलकीही काढा. आणि सगळ्यात शेवटी, बोट उगारून, पहिलं वर्ष भाड्याने राहा. घर विकत घेऊ नका. हे गाव तुम्हाला मानवतंय का, ते आधी बघा.

हा शेवटचा सल्ला तिने मिनेसोटाच्या डंकन आणि आयरीन हाल्वरसन या नवराबायकोला दिला नाही.

विसरली वगैरे काही नव्हती. सोइला असलं काही विसरणारी बाई नाही. न्यूयॉर्कात लोकांच्या फरशा पुसण्यात तिचं तरुणपण गेलं होतं. ती तिकडे गेली तेव्हा तिला कोणीही काहीही सांगितलं नव्हतं, सगळं ठेचा खात शिकावं लागलं. परत आली ती इंग्रजी घेऊन, आणि त्या इंग्रजीवर तिने हा धंदा उभा केला. कुएन्कात येणाऱ्या म्हाताऱ्या ग्रिंगोंना, म्हणजे गोऱ्या परदेशी लोकांना, घर बघून द्यायचं, सरकारी कचेऱ्यांत सोबत जायचं, डॉक्टरकडे दुभाषी म्हणून बसायचं. लोक तिच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे, आणि एरवी तो शब्द विश्वास ठेवण्यासारखाच असायचा.

अडचण एवढीच होती की हाल्वरसनांना आवडलेलं घर एन्माचं होतं.

एन्मा आणि सोइला एका बाकावर शिकलेल्या. एन्माच्या मुलाच्या, विल्मरच्या बाप्तिस्म्याला सोइला धर्ममाता झाली आणि त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या. अगं-तुगं सुटलं, 'तुम्ही' आलं, कारण कोमाद्रेला तू म्हणायची इथे रीत नाही. पुढे सोइला न्यूयॉर्कात कागदपत्रांविना अडकलेली असताना तिची आई अंथरुणाला खिळली. तिला भरवलं एन्माने, न्हाऊमाखू घातलं एन्माने, शेवटी डोळे मिटले तेही एन्माने. सोइलाने ते सगळं फोनवरून ऐकलं. आता विल्मर स्पेनमध्ये होता, आईला बोलावत होता, आणि तूरी टेकडीच्या चढावरचं घर विकल्याशिवाय एन्माचा पाय निघत नव्हता.

"कोमाद्रे, तुमच्या हातून एवढे ग्रिंगो येतात-जातात," एन्मा म्हणाली होती. "त्यातला एखादा माझ्या दारात थांबवा की."

अशा कोमाद्रेला नाही कसं म्हणायचं? कुएन्कात तसं कोणीच कोणाला नाही म्हणत नाही. आमंत्रण नको असेल तर 'बघू, देवाची इच्छा' म्हणतात, उसने द्यायचे नसतील तर 'उद्या या' म्हणतात, आणि समोरच्याने ओळखायचं असतं. इथले ओळखतात. मिनेसोटाहून आलेली माणसं ओळखत नाहीत, आणि हे सोइलाइतकं दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं.

येण्याआधी आयरीनने फोनवर सरळ विचारलं होतं, "गाव फार उंचावर आहे म्हणतात. माझी फुफ्फुसं जरा नाजूक आहेत."

"सुरुवातीला सगळ्यांनाच दम लागतो, सेन्योरा," सोइला म्हणाली होती. "हळूहळू सवय होते."

खोटं काय होतं त्यात? बहुतेकांना होतेच सवय. त्या भरवशावर हाल्वरसनांनी तिकडचं घर विकलं, मोटार विकली, डंकनने आपली हत्यारं तेवढी पेटीत घालून आणली. एन्मा बहिणीकडे राहायला गेली आणि दोघं तिच्या घरात भाडेकरू म्हणून उतरले. घर त्यांना इतकं आवडलं की काही महिन्यांतच विकत घ्यायचं ठरलं. डंकनने मागच्या पडवीत सुतारकाम मांडलं. गल्लीतल्या कोणाची खुर्ची मोडली की ती आता त्याच्याकडे यायची, आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये तो अशा काही गप्पा हाणायचा की माणसं खुर्ची विसरून हसत बसायची.

आयरीनला मात्र सवय होत नव्हती. रस्त्यापासून घरापर्यंत दगडी पायऱ्या होत्या. रोज सकाळी ती त्या चढायची, सराव म्हणून. मध्ये भिंतीला हात टेकून उभी राहायची. ओठ निळसर पडायचे. खालून कोणी बघतंय असं दिसलं की हात हलवायची, शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारखी ओशाळून. आपणच आळस करतो, असं तिचं ठाम मत होतं.

मंगळवारी सोइला तिला डॉक्टर अस्तुदियोंकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं, कागद पाहिले, चष्मा काढून पुसला.

"सोइलाबाई, यांना नीट समजावून सांगा," ते स्पॅनिशमध्ये म्हणाले. "यांचं हृदय या हवेशी झगडतंय. या उंचीवर यांनी राहू नये. समुद्रकाठी जावं, ते नसेल तर निदान युंगियाच्या खोऱ्यात उतरावं. आणि उशीर करू नये."

आयरीनने सोइलाकडे पाहिलं. सोइलाला त्या क्षणी सोमवार दिसत होता. सोमवारी घराचे कागद व्हायचे होते, एन्माचं तिकीट निघालं होतं. शिवाय या बाईला इथे या म्हणून सांगितलं होतं ते कोणी? तिनेच.

"डॉक्टर म्हणतात, दमानं घ्या," सोइला इंग्रजीत म्हणाली. "अधूनमधून खाली गरम हवेला जाऊन येत जा. बरं वाटेल."

आयरीनचा चेहरा असा फुलला की तिने डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. "धीराची बाई आहे," डॉक्टर कौतुकाने म्हणाले. सोइलाने तेही भाषांतर करून सांगितलं. ते मात्र अगदी शब्दशः.

परतताना टॅक्सीत आयरीनने तिला विचारलं, "रविवारी पाद्री घराला आशीर्वाद द्यायला येणार आहेत. एन्मा म्हणते, घराला एक माद्रिना लागते, घराची मानलेली आई. तू होशील? तुझ्याशिवाय आम्हाला इथे कोण आहे?"

"माझं भाग्य," सोइला म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिला स्वतःची किळस आली.

त्या आठवड्यात तिचं कशात लक्ष लागलं नाही. कॅनडाच्या एका विधुराला बँकेत नेलं आणि त्याचा पासपोर्ट टॅक्सीतच विसरली. घरी दूध उतू गेलं. खरं सांगायला तिने दोनदा फोन उचलला आणि दोन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला. शनिवारी मात्र राहवेना, तेव्हा ती एन्माच्या बहिणीकडे गेली. एन्मा दुसऱ्या दिवसासाठी मक्याचे टपोरे दाणे शिजवत होती. वाफेने तिचा चष्मा धुरकटला होता.

"या कोमाद्रे. डुकराचं सांगून ठेवलंय भट्टीवाल्याला. तुमचा तो डंकन भाजलेला गिनीपिग खाईल का हो? मागच्या वेळी त्याने त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि हात जोडले."

"कोमाद्रे, त्या बाईला इथे राहता येणार नाही."

सोइलाने सगळं सांगितलं. एन्माने पळी ठेवली.

"मग तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"दमानं घ्या म्हटलं."

"बस? एवढंच?"

"तुमचं घर, कोमाद्रे. तुमचं तिकीट. तुम्ही माझ्या आईचं एवढं केलंत…"

"हे बघ, तुझी आई यात आणू नकोस," एन्मा म्हणाली, आणि कित्येक वर्षांनी निघालेला तो 'तू' दोघींनाही लागला. "मी घर विकून दे म्हटलं होतं. माणूस मारून दे म्हटलं नव्हतं."

पातेलं खदखदत होतं. एन्माने चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि जरा वेळाने जेव्हा बोलली तेव्हा आवाज उतरलेला होता.

"विल्मरने माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय." मग म्हणाली, "उद्या पाद्री येऊन जाऊ देत, कोमाद्रे. लोकांना बोलावलंय. कागद सोमवारी आहेत ना, सोमवारी सकाळी बघू काय सांगायचं ते."

सोइला घरी आली ती आणखी जड होऊन. आपलं ओझं उतरवायला गेली आणि अर्धं एन्माच्या डोक्यावर ठेवून आली, तरी स्वतःचं काही हलकं झालं नाही. बघू, उद्या, देवाची इच्छा. आयुष्यभर बोललेले हे शब्द तिला पहिल्यांदाच घाण वाटले.

रविवारी दारावर रंगीत कागदाच्या माळा होत्या. डंकनने स्वतः रंधा मारून पॉलिश केलेला लाकडी क्रूस चौकटीवर लावायला तयार ठेवला होता. दाराला आडवी सॅटिनची फीत. गल्लीतली माणसं अंगणात उभी, पोरं मिठाई उधळायची वाट बघत. पाद्री घामाघूम होऊन वर पोचले होते आणि पाणी पीत होते. आयरीन स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. नवी निळी शाल पांघरलेली, आणि शालीखाली खांदे श्वासागणिक वर उचलले जात होते.

सोइलाने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, आणि आपण काय सांगितलं ते. माझी चूक आहे, मी मुद्दाम केलं, हेही सांगितलं. आता ही बाई ओरडेल, आपल्याला घराबाहेर काढेल, असं तिला वाटलं. काढलं असतं तर बरं झालं असतं.

आयरीन बराच वेळ शालीचे गोंडे विंचरत राहिली.

"डंकनला सांगू नकोस," ती म्हणाली.

"सेन्योरा…"

"तिकडे तो दिवसदिवस टीव्हीसमोर बसायचा. इथे त्याला लोक हाका मारतात. ऐकतेस ना बाहेर?" बाहेर डंकन कोणाला तरी काहीतरी चुकीच्या स्पॅनिशमध्ये सांगत होता आणि हशा पिकला होता. "त्याने विचारलं तर मला सांगितलंस तसंच सांग. हळूहळू सवय होते म्हणून. तुला ते फार छान सांगता येतं, सोइला."

त्या बोलण्यात जराही टोमणा नव्हता. सोइलाच्या जिवाला तेच लागलं.

पाद्रींनी हाक मारली. सगळे दाराशी जमले. डंकनने बायकोचा हात धरून तिला उभं केलं. पवित्र पाणी शिंपडून झालं, प्रार्थना झाली. मग त्या गल्लीच्या रिवाजाप्रमाणे पाद्रींनी सोइलाच्या हातात कात्री देऊन मोठ्याने विचारलं, "माद्रिना, हे घर या दोघांना लाभेल?"

'देवाच्या कृपेने लाभेल' एवढं म्हणायचं आणि फीत कापायची. सगळ्यांना पाठ होतं. पोरांनी हात वर केले होते. आयरीन तिच्याकडे बघून हळूच मान हलवत होती, म्हण, म्हण. एन्मा मागे उभी राहून जमिनीकडे बघत होती.

"नाही," सोइला म्हणाली.

पाद्रींना वाटलं बाई गोंधळली. त्यांनी हसून शब्द पुरवले, "देवाच्या कृपेने…"

"नाही लाभणार, पाद्रीबाबा. सेन्योरा इथे राहिल्या तर जगायच्या नाहीत."

आयरीनने डोळे मिटून घेतले. डंकन हसऱ्या चेहऱ्यानेच सगळ्यांकडे बघत होता, आपल्याला काही कळलं नाही की सगळ्यांनाच कळलं नाही, हे न उमजून.

"काय म्हणाली ती?" त्याने इंग्रजीत विचारलं.

सांगायला सोइलाशिवाय कोणी नव्हतं. तिने डॉक्टर अस्तुदियोंची वाक्यं जशीच्या तशी इंग्रजीत सांगितली, एकही शब्द मऊ न करता. या उंचीवर यांनी राहू नये. उशीर करू नये.

"डॉक्टर हे कधी म्हणाले?"

"मंगळवारी. मी तुम्हाला वेगळंच सांगितलं. मला क्षमा करा."

डंकनने तिच्याकडे पाहिलं नाही. तो आयरीनला खाली बसवत होता. उंबऱ्यावरच, फितीच्या अलीकडे. एन्मा धावत पाणी घेऊन आली.

"परवा ती मला म्हणाली, आज चढणं नको, माझ्याच्याने होत नाही," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही. "मी म्हटलं, डॉक्टरांनी दमानं घ्यायला सांगितलंय, थांबायला नाही सांगितलं. आणि तिचा हात धरून तिला वर ओढलं."

अंगणातल्या एका बाईने सोइलाला विचारलं, तो काय म्हणतोय? सोइलाने तेही सांगितलं, शब्दशः.