मनातल्या मनात आमेन

प्रत्येक ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की त्याचा आत्मा किनारा सोडून खोल पाण्याकडे ओढला जातो. शरच्चंद्र हिवाळे यांच्या आयुष्यात हा क्षण रविवारच्या उपासनेनंतर, चर्चच्या मागच्या अंगणात, बिटाचं व्हेजिटेबल चॉप खाताना आला.

चॉप चांगलं होतं. अडचण प्रार्थनेची होती. त्या दिवशी पाळकसाहेबांनी हिवाळ्यांना मराठीतून प्रार्थना करायला सांगितलं होतं. मंडळी बंगाली, उपासना इंग्रजीत, आणि अधूनमधून ‘आपल्या मराठी बंधूंना’ मायबोलीत बोलायला लावायचं, म्हणजे चर्च सर्वांचं आहे हे सिद्ध व्हायचं. हिवाळे मूळचे नगरचे, विमा कंपनीतले अधिकारी, बदलीवर कोलकात्यात आलेले आणि मुदतवाढ घेऊन घेऊन रुळलेले. आजोबा प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक. एकदा ‘हे परम दयाळू स्वर्गीय पित्या’ म्हटलं की पुढचं सगळं उतारावरच्या सायकलसारखं आपोआप यायचं.

चर्चचे सेक्रेटरी बिश्वासबाबू चहाचा पेला सांभाळत जवळ आले.

“हिवाळेबाबू, काय प्रार्थना! किती खोल!”

“तुम्हाला मराठी कळतं?”

“एक अक्षर नाही. पण खोल आहे एवढं कळलं.”

हिवाळे हसले, आणि चॉप हातातच राहिलं. कारण त्यांना आठवलं, की ‘आम्ही केवळ धूळ’पासून ‘तुझ्या चरणी लीन’पर्यंत ते तिथे नव्हतेच. ते घरच्या बाथरूममध्ये होते, गीझर बंद केला की नाही ते बघत. बिश्वासबाबूंना त्या प्रार्थनेतलं काही कळलं नव्हतं, ते ठीक. पण करणाऱ्यालाही पत्ता नव्हता.

परत येताना बसमध्ये त्यांनी बायकोला सांगितलं, “वासंती, माझी श्रद्धा वरवरची आहे.”

“आज काय झालं?”

“लीन होताना गीझर आठवला.”

“तो मी बंद केला होता,” वासंतीबाई म्हणाल्या. “तुम्ही खुशाल लीन व्हायचं.”

पण हिवाळ्यांनी मनावर घेतलं. पुढच्या शनिवारी ते बराकपूरला, नदीकाठच्या एका साधनागृहात दिवसभराच्या मौनाला गेले. ते घर कॅथलिक सिस्टर चालवत. नातू प्रार्थना शिकायला तिकडे गेला हे कळलं असतं तर आजोबा कबरीतून उठून थेट नदीवर हजर झाले असते. सिस्टरनी सुरुवातीलाच विचारलं, “तुम्ही देवाला बोलू देता, की सगळा वेळ तुम्हीच बोलता?” या प्रश्नाला मौनात उत्तर द्यायचं होतं, ते एक बरं झालं.

दुपारपर्यंत हिवाळ्यांनी मनातल्या मनात मौनावर एक भाषण तयार केलं, त्याला प्रस्तावना आणि समारोपही जोडला. मग समोरून एक लाँच गेली, तिच्या लाटा पायऱ्यांवर येऊन आपटल्या आणि विरल्या. तेवढा वेळ त्यांच्या मनात काही नव्हतं. वाक्य नव्हतं, विशेषण नव्हतं, ऐकणारं कोणी आहे का ही चाचपणीही नव्हती. पण कोणीतरी होतं. हिवाळ्यांना त्याची ओळख पटली असं नाही, पण आजवर आपण ज्याच्याशी इतकं बोललो तो हा नव्हे, किंवा त्याच्याशी आपण कधी बोललोच नाही, एवढं त्यांना लख्ख कळलं. ते त्यांना पुन्हा हवं होतं. आयुष्यात बढतीसुद्धा त्यांना इतकी हवीशी वाटली नव्हती.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, “आजपासून कौटुंबिक प्रार्थना मौनात.”

“म्हणजे?”

“आपापली. मनात. त्याला सगळं कळतं.”

वासंतीबाई “बघा हं,” एवढंच म्हणाल्या.

या ‘बघा हं’मध्ये काय होतं हे कळायला हिवाळ्यांच्या घरची रीत माहीत हवी. जेवणाआधी दोघं समोरासमोर बसून आळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करत, आणि लग्न झाल्यापासून जे काही एकमेकांना सांगायचं ते देवाला सांगत. तोंडावर कोणी कोणाला दुखवत नसे. हिवाळे म्हणत, “प्रभू, तुझ्या दासीला संताप आवरायला बळ दे.” मग दासीची पाळी यायची. “प्रभू, तुझ्या सेवकाला ओला टॉवेल गादीवर न टाकण्याची बुद्धी दे.” सेवक ‘आमेन’ म्हणून उठायचा आणि टॉवेल उचलायचा. मुलीच्या, रुचाच्या कॉलेजची निवड, हिवाळ्यांच्या बहिणीचा महिनाभराचा मुक्काम, फ्रिज बदलणं, सगळं याच मार्गाने झालं होतं. एकदा तर वासंतीबाईंनी “सेवकाच्या मनातली ती होंडा काढून टाक” अशी विनंती केली होती आणि ती लगेच मान्य झाली होती.

आता जेवणाआधी फक्त पंखा बोलायचा. हिवाळे डोळे मिटून लाँचची वाट बघायचे. कधी कधी ती यायचीसुद्धा. वासंतीबाई डोळे मिटायच्या, ओठ हलवायच्या, उघडायच्या. बायकोचं आत्मिक जीवनही खोल होत चाललंय असं हिवाळ्यांना वाटलं, आणि त्यांनी त्याबद्दल मनातल्या मनात आभार मानले.

एका रविवारी दुपारी बंगळुरूहून रुचाचा फोन आला. मुलगी शाळेपासून कोलकात्यात वाढलेली. मराठी हिंदीच्या खांद्यावर हात ठेवून चालायची.

“पप्पा, आई गेल्यावर तुमच्या खाने का काय करणार?”

“आई कुठे गेल्यावर?”

“नगरला! हेडमिस्ट्रेस! जूनमध्ये जॉइन करते ना ती.” मग आवाज खाली आणून, “पप्पा, तुम्हाला माहीत आहे ना?”

“हो, म्हणजे, ऑफ कोर्स,” हिवाळे म्हणाले. अशा वेळी मराठी माणसाच्या तोंडी इंग्रजी येते.

वासंतीबाई स्वयंपाकघरात वांगी चिरत होत्या.

“तू नगरला चाललीस?”

“हो. मी शिकले त्या माझ्याच शाळेत. इथे मी आणखी किती वर्षं बंगाली पोरांना हिंदीचं व्याकरण शिकवू?”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“रोज सांगत होते. जेवणाआधी.”

“कधी?”

“मनात. तुम्हीच म्हणालात, त्याला सगळं कळतं.”

“त्याला कळतं गं! मला कसं कळणार?”

“आता ते मी काय सांगू,” वासंतीबाई म्हणाल्या. विळीवरून उठल्या नाहीत. “मी विचारलं, जाऊ का? तुमच्याकडे डोळे उघडून बघितलं. तुम्ही चेहरा असा केला होता, जसं काही तुमचं आता कुणावाचून अडत नाही. मी त्याला होकार समजले.”

“तो लाँचचा चेहरा होता.”

“कसली लाँच?”

हिवाळ्यांनी सांगायचा प्रयत्न केला. नदी, पायऱ्या, लाटा. वासंतीबाईंनी ऐकून घेतलं.

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “खरंच चांगलं आहे. पण अहो, मी तिथे जेवणाच्या टेबलावर समोर बसलेली असायचे.”

हिवाळे फरशीवर, विळीच्या पलीकडे, गुडघ्यांवर बसले. गुडघे कुरकुरले. डोळे त्यांनी मिटले, आणि सवयीने ‘हे परम दयाळू’ तोंडाशी आलं. ते त्यांनी गिळलं.

“प्रभू,” ते मोठ्याने म्हणाले, “मला हिच्याजवळ राहायचंय.”

पुढे काही आलं नाही. इतकी छोटी प्रार्थना त्यांनी लहानपणीसुद्धा केली नव्हती. आश्चर्य म्हणजे या वेळी लाँचची वाटच बघावी लागली नाही. नदीवर जे कोणी होतं, ते त्या वाक्यात आधीपासून होतं.

वासंतीबाईंनी वांग्याचे हात पदराला पुसले. “आमेन,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा विळीकडे वळून, “पण मी जाणार हं.”

“जा. मी बदली मागतो.”

“खरंच?”

“नगर नाहीतर पुणे. कुठेही. सोमवारी अर्ज टाकतो.”

त्यांनी टाकला. आणि या वेळी काहीही मनात ठेवलं नाही. त्यांनी एस्प्लनेडच्या ऑफिसात साहेबांना सांगितलं, रविवारी मंडळीला सांगितलं. पाळकसाहेबांनी इंग्रजीत, बिश्वासबाबूंनी बंगालीत आणि हिवाळ्यांनी एका वाक्याच्या मराठीत विनंती केली. बिश्वासबाबूंना या वेळी ती तितकीशी खोल वाटली नाही. रोज जेवणाआधी दोघं पुन्हा मोठ्याने बोलू लागले, पण आता सेवक आणि दासी नव्हते. “मला भीती वाटते,” “मलाही,” असं काहीबाही असायचं आणि भाजी गार व्हायची. वासंतीबाई हावड्याहून निघाल्या तेव्हा दोघांनाही पक्की खात्री होती. खिडकीतून त्या म्हणाल्या, “त्याने ऐकलंय. तुम्ही सामान बांधायला घ्या.”

हिवाळ्यांनी सामान बांधायला घेतलं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात बदलीची ऑर्डर आली. गुवाहाटी.