फ्रिजला झबलं

चौतीस वर्षं मी लोकांचे फ्रिज दुरुस्त केले. घरात शिरल्यावर नुसत्या आवाजावरून सांगायचो, कॉम्प्रेसर गेलाय, गॅस गेलाय की घरातल्यांची अक्कल गेलीय. तिसरं निघालं तर तेही तोंडावर सांगायचो. लोक त्यासाठी मला शिव्या द्यायचे आणि पुढच्या बिघाडाला पुन्हा मलाच बोलवायचे. अशा माणसाच्या घरात आठ दिवसांत तीनदा दूध नासलं.

घर म्हणजे आमची व्हॅन. काम सोडल्यावर मी ती घेतली आणि चार महिन्यांपासून आम्ही नवरा-बायको तिच्यात राहतोय. मागे पलंग, एका बाजूला हातभर ओटा, छतावर सोलर पॅनेल. पलंगाच्या पायथ्याशी ट्रंकेएवढा फ्रिज, वरून झाकण उघडणारा, बॅटरीवर चालणारा. त्यात दूध, लोणी, अंडी, भाजी, आदल्या दिवशीचं उरलंसुरलं, सगळं बसतं. त्या वेळी आम्ही एका तळ्याकाठी मुक्कामाला होतो. तिथे अशा गाड्या लावायला आखलेली जागा आहे, पाण्याचा नळ आहे आणि कपडे धुवायला पत्र्याची शेड आहे.

निघताना बायकोला काय काय बरोबर घ्यायचं होतं. खलबत्ता, दोन कुंड्या, भिंतीवरचं घड्याळ, आणि मुख्य म्हणजे तिचं शिलाई मशीन. त्या मशीनवर तिने अर्ध्या गल्लीच्या पोरांचे शाळेचे कपडे शिवले होते. मी प्रत्येक वस्तूला म्हटलं, "नाही, जागा नाही." एकवीस वस्तू झाल्या, सगळ्या पोराच्या घरी राहिल्या. तिने मोजल्या होत्या, मी नाही. माझ्या अवजारांच्या दोन पेट्या मात्र आधीच गाडीत चढल्या होत्या, हे सांगायला मला आता लाज वाटते. ती भांडली नाही. तिने फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा काढला, घडी घातली आणि उशीच्या खोळीत ठेवला. पडद्याला कसली जागा लागते?

त्या पडद्याचं तिने फ्रिजला कव्हर शिवलं. हाताने, सहा आठवडे, गाडी चालत असताना मांडीवर घेऊन. निळी फुलं, खाली झालर, झाकण उघडता यावं म्हणून वर मोकळं, कडेला बांधायला नाड्या, आणि तापमानाचा आकडा दिसावा म्हणून समोर एक छोटा चौकोन. सोमवारी तिने ते चढवलं आणि दोन पावलं मागे सरून बघत राहिली.

"आता कसं घरातल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली.

"झबलं छान आहे," मी म्हटलं. "बारसं कधी?"

ती हसली. चार महिन्यांत तशी हसली नव्हती.

बुधवारी दूध नासलं. मी पॅनेल पुसलं. शनिवारी पुन्हा नासलं. मी गाडी झाडाच्या सावलीतून उन्हात काढली, वायरी तपासल्या, बॅटरीची टोकं घासली. शेजारच्या गाडीत एक निवृत्त बस ड्रायव्हर राहतो. त्याच्या आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. त्याने तळ्याच्या पलीकडच्या काठालाही कळेल अशा आवाजात विचारलं, "काय उस्ताद, दिव्याखाली अंधार?"

मंगळवारी तिसऱ्यांदा पातेल्यात दुधाच्या गाठी झाल्या. बायको ते ओतायला गेली. मी फ्रिजपाशी बसलो, कव्हरच्या खालून हात घातला आणि चटकन बाहेर काढला. जाळी इस्त्रीसारखी तापली होती.

फ्रिज गारवा तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. त्यासाठी दोन्ही बाजूंना जाळ्या असतात, एका जाळीमागे पंखा असतो. जाळ्या झाकल्या तर उष्णता तिथेच कोंडते, मशीन थांबायचं नाव घेत नाही, बॅटरी पिऊन टाकतं आणि पहाटे बॅटरी मान टाकते. शिकाऊ पोरालाही हे कळतं. मला आठ दिवस कळलं नाही, कारण मला त्या निळ्या फुलांकडे त्या नजरेने बघायचंच नव्हतं.

उपाय एका वाक्याचा होता. "वहिनी, फ्रिजला काही झालेलं नाही, हे कव्हर त्याचा जीव घेतंय." हे वाक्य मी उभ्या आयुष्यात शंभरदा तरी बोललो असेन. एका बाईचं विणलेलं पिवळं कव्हर तर मी तिच्यासमोर ओढून खुर्चीवर भिरकावलं होतं आणि घरी येऊन जेवताना ते रंगवून सांगितलं होतं. एकदा नाही, अनेकदा.

बायको रिकामं पातेलं घेऊन आली. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "बॅटरीतच काहीतरी असणार."

एकवीसदा नाही म्हणून झालं होतं. बाविसावं माझ्या तोंडातून निघेना.

संध्याकाळी पोराचा फोन आला. बायकोने त्याला दुधाचं सांगितलं. फोनचा आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"आई, पुरे झालं आता," तो म्हणाला. "तुमची इथली खोली तशीच आहे. बाबांना म्हणावं, हौस फिटली."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाली, "मलाही वाटतं, जावं परत. अजून एकदा बघू. पुन्हा नासलं तर तू रविवारी ये न्यायला."

मला हे जगणं आवडत होतं. सकाळी दार सरकवलं की समोर पाणी, संध्याकाळी कुठे जायचं ते आपण ठरवायचं. कुणाच्या घरी अडगळीच्या खोलीत बसून सुनेच्या फ्रिजचा आवाज ऐकत म्हातारं व्हायचं, ही कल्पनाच मला सोसवत नव्हती. पण तिला परत जायचं असेल तर कोणत्या तोंडाने अडवू? मी समजत होतो, तिला पहिल्यापासून नकोच होतं हे सगळं.

बुधवारपासून मी चोरासारखा वागू लागलो. ती कपडे धुवायला गेली की नाड्या सोडायच्या, कव्हर घडी करून पलंगावर ठेवायचं, जाळीला मोकळा वारा लागू द्यायचा. तिची चप्पल वाजली की पुन्हा चढवून बांधायचं. दुपारी ती आडवी झाली की पुन्हा तोच उद्योग. आकडा तेरावरून आठवर आला, आठवरून पाचवर. मी मनात म्हटलं, जमलं! सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

गुरुवारी दिवसभर पाऊस लागला. बायको कुठे जाणार? फ्रिजला टेकून, पायावर शाल घेऊन मोजे शिवत बसली. दुपारी झोपलीसुद्धा नाही. मी समोर बसून कव्हरच्या चौकोनातला आकडा चढताना बघत होतो. सहा. आठ. अकरा.

"असं काय बघताय?" तिने विचारलं.

"काही नाही. शिलाई बघतोय. छान आहे."

शुक्रवारी सकाळी दूध नासलं. तिने स्वतः पोराला फोन केला. "रविवारी ये," एवढंच म्हणाली. मग पातेलं घासायला बसली आणि बराच वेळ घासत राहिली.

शनिवारी तिने नवं दूध आणलं, आणि बादली घेऊन नळावर गेली. मी सवयीने कव्हर उतरवलं, घडी घातली, जाळीवर हात ठेवून बसलो. आता याला काही अर्थ नव्हता, पण हात ऐकेनात. ती आल्यावर मी भोंग्याकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदाच तो कुजबुजला. त्याची कुजबुज म्हणजे इतरांचं साधं बोलणं.

"अरे, मग सांगून टाक ना! एक वाक्य आहे."

"तिच्याजवळ तेवढंच एक आहे रे इथे."

"आणि उद्या परत गेल्यावर त्या कव्हरचं काय करणार? सुनेच्या फ्रिजला घालणार?"

त्याने पत्ते काढले. मी दिवे लागेपर्यंत तिथेच बसलो आणि प्रत्येक डाव हरलो. परत आलो तेव्हा बायको पाठमोरी बसून काहीतरी शिवत होती. सामानाची बांधाबांध असेल असं समजून मी तिकडे बघितलं नाही. जेवलो आणि झोपलो.

रविवारी जाग आली ती शांततेने. फ्रिजची घरघर बंद होती. म्हटलं, गेली बॅटरी. मी ताडकन उठून बसलो. तेवढ्यात खट्ट आवाज झाला, कॉम्प्रेसर सुरू झाला, पाच-सात मिनिटं चालला आणि पुन्हा थांबला. असा थांबत थांबत चालणारा आवाज म्हणजे धडधाकट फ्रिज. दोन आठवड्यांत मी तो ऐकला नव्हता.

कव्हर जागेवर होतं. पण दोन्ही बाजूंना, अगदी जाळ्यांच्या मापाच्या, दोन खिडक्या कापल्या होत्या. कडा दुमडून, बारीक टाके घालून शिवल्या होत्या. समोरच्या चौकोनात आकडा चार.

बायको ओट्यापाशी उभी होती. दूध तापत होतं आणि नासलं नव्हतं.

"मी सुरगाठ मारते," ती वळून न बघता म्हणाली. "एक टोक ओढलं की सुटते. बुधवारी कपडे धुऊन आले तर नाड्यांना निरगाठी. मला वाटलं, मीच चुकले असेन. काल बादली भरून येताना खिडकीतून पाहिलं. तुम्ही कव्हर घडी करून मांडीवर घेतलं होतं आणि जाळीला हात लावून बसला होता, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. तेव्हा ती पिवळ्या कव्हरवाली आठवली मला."

मी त्या नाड्यांकडे बघू लागलो.

"तिला तोंडावर सांगितलंत. सगळ्या गावाच्या बायकांना सांगितलंत. मला का नाही?"

"तुझं मन मोडलं असतं."

आता ती वळली. डोळे भरले होते, पण आवाज चढलेला होता. "आणि हे काय केलंत? चारदा दूध ओतलं मी. प्रत्येक वेळी मला वाटलं, यांच्या हातातून काम सुटलं. चौतीस वर्षं ज्यात घालवली ते यांना आता कळेनासं झालंय. उद्या रस्ता कळेनासा होईल. रात्रभर डोळा लागायचा नाही मला. मला कुठे जायचंय त्या खोलीत? मी तुमच्यासाठी परत चालले होते!"

मला एकदम रडू आलं. मी लपवलं नाही. कापडाच्या एका तुकड्यासाठी मी तिला आठवडाभर केवढ्या भीतीत ठेवलं होतं, आणि वर स्वतःला समजूतदार समजत होतो.

तिने कपात चहा ओतून माझ्या हातात दिला. पदराने तोंड पुसलं आणि फ्रिजकडे बोट केलं.

"सांगा आता. कशी झालीय शिलाई?"

मी वाकून नीट पाहिलं. "डावीकडची खिडकी वाकडी आहे."

"हं," ती म्हणाली. "काल अंधारात कापली. उसवीन आज."

मी फोन उचलला. पोरगा निघायच्याच तयारीत होता. म्हटलं, "ये तू, पण आम्हाला न्यायला नको. आईचं शिलाई मशीन घेऊन ये."

बायको माझ्याकडे बघत राहिली. "आणि ठेवणार कुठे? जागा नाही ना?"

"माझ्या अवजारांची मोठी पेटी तो परत घेऊन जाईल. तिच्या जागी."

"काही नको. उद्या फ्रिज खरंच बिघडला तर दुरुस्त कोण करणार?" ती खाली वाकली आणि पलंगाखालच्या चपला एका बाजूला सारू लागली. "इथे बसतं ते, पायांकडच्या अंगाला. पहिल्याच दिवशी टेपने मापून ठेवलंय मी. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."