आमच्या भिंतीवरच्या कपबश्या

माझ्या सासऱ्यांना तिसऱ्यांदा सरपंच व्हायचं होतं आणि मला बैठकीची भिंत रंगवायची होती. दोन्ही इच्छांमध्ये वाईट काहीच नव्हतं. पण त्या एकाच महिन्यात आणि एकाच भिंतीपाशी येऊन आदळल्या.

मी परळीची. थर्मल वीजकेंद्राच्या राखेत वाढलेली. आमच्याकडं पांढरी भिंत पंधरा दिवस पांढरी राहिली तर शेजारीपाजारी बघायला येतात. म्हणूनच असेल, रंगाचं मला लहानपणापासून वेड. लग्न होऊन घाटनांदूरजवळच्या या गावात आले आणि सासरची बैठक पाहून माझं अवसानच गळालं. खोली चांगली ऐसपैस, पण भिंतींना कधीकाळचा निळसर चुना, वर सासऱ्यांचे हारतुऱ्यातले फोटो, आणि खाली, टेकून बसणाऱ्यांच्या डोक्याच्या तेलाचे डाग. ओळीनं. तिसरा डाग हनुमानचा, हे मला महिन्याभरात कळलं होतं. हनुमान म्हणजे सासऱ्यांचा उजवा हात. सकाळी चहाला यायचा आणि रात्री जेवायला घरी जायचा.

दोन वर्षं मी भिंतीसाठी मागं लागले होते. मामा, म्हणजे माझे सासरे रामकिसनराव, दर वेळी एकच म्हणायचे, “भिंतीला काय धाड भरली?” शेवटी ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली, चार लोक घरी येणार, म्हणून त्यांनी एक भिंत दिली. दारासमोरची. त्याआधी मी कधीच इतकं हसून ‘हो मामा’ म्हटलं नव्हतं.

काय काढायचं, हे ठरवायला मला वेळ लागला नाही. ज्या घरात उजाडल्यापासून चहाचं आधण उतरत नाही, त्या घराच्या भिंतीवर मोर आणि कमळं काढून काय उपयोग? कप काढायचे ठरवले. मामांच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे कपाटावर धूळ खात होता. गुडघा कधीच बरा झालेला होता. त्या फिल्मवर मी कपाचा आकार काढला आणि ब्लेडनं कोरून घेतला. झाला माझा छापा. फिल्म भिंतीला चिकटपट्टीनं लावायची, गेरूच्या रंगात स्पंज बुडवायचा, निथळून घ्यायचा आणि हलके हलके टिपायचा. घासला की रंग फिल्मखाली पळतो आणि कपाला मिशा फुटतात. पहिल्या दोन कपांना फुटल्याच.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई बायनाबाई, दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण आहे.

“भिंतीला गोंदायलीस व्हय?”

“कप काढतेय, आत्या.”

“कावून? खरे कप कमी पडले का धुवायला?”

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्या. पुन्हा आत गेल्या. तिसऱ्या खेपेला पाटच घेऊन आल्या आणि माझ्या मागं बसल्या.

“बशी कुठं हाय?”

“नुसते कपच छान दिसतात.”

“नुसत्या कपात च्या कोण पितंय? तोंड भाजतंय माणसाचं. बशी काढ.”

मी मुकाट्यानं बशी कोरली. आणि खरं सांगते, बशी आल्यावर भिंत खुलली. दुपारी माझा डोळा लागला होता, उठून बघते तर खालच्या दोन ओळी आत्यांनी एकट्यानं पूर्ण केलेल्या. थोड्या वाकड्या होत्या, पण एकाही कपाला मिशी नव्हती. मग आम्हा दोघींना चेवच चढला. भिंत संपली तसे पडदे घेतले, दिवाणावरची चादर घेतली, लोडाचे अभ्रे घेतले. कपड्याला फॅब्रिक कलर, आणि वाळल्यावर उलट्या बाजूनं इस्त्री. आठ दिवसांत बैठकीत जिकडं बघावं तिकडं कपबशी. माझा नवरा परमेश्वर आत आला, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाला, “मला आता चहा नको.”

मामांना आवडलं का, हे त्यांनी सांगितलं नाही. पण आल्यागेल्याला “आमच्या सूनबाईनं काढलंय” असं सांगताना मी त्यांना दोनदा ऐकलं, आणि मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

त्याच आठवड्यात विठ्ठलराव येऊन गेले. विठ्ठलराव म्हणजे मामांचे चुलतभाऊ आणि सरपंचपदाला त्यांच्याच विरोधात उभे. भावकीत येणं-जाणं मात्र चालू. दिवाणावर बसले, चहा बशीत ओतून प्याले आणि भिंतीकडं बराच वेळ बघत राहिले.

“लई भारी काम केलं, सूनबाई. किती हायेत?”

“दोनशेच्या वर असतील,” मी फुशारकीनं सांगितलं. माझी अक्कल तेव्हा कुठं गेली होती देव जाणे.

चिन्हं मिळायच्या दिवशी मामा अंबाजोगाईला तहसीलला निघाले. चिन्हांच्या यादीत कपबशी आहे हे मी वाचलं होतं. म्हटलं, “मामा, कपबशीच मागा. घरात आयती तयार आहे.”

“मी सरपंच व्हायलोय का हाटेल टाकायलोय?” मामा जोडे घालता घालता म्हणाले. “विमान मागणार हाय मी. लोकांनी मान वर करून बघाया पायजे.”

संध्याकाळी हनुमान आधी आला, मामा मागून आले. आत्यांनी विचारलं, “भेटलं का विमान?”

“भेटलं की.”

“आन विठ्ठलभाऊजीला?”

हनुमाननं तोंड फिरवलं. तो भिंतीकडं बघत होता. मग मीही बघितलं.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर विठ्ठलरावांनी भाषण केलं. “माझ्याकडं प्रचाराला माणसं कमी, भिंती कमी. पर काळजी न्हाई. खुद्द रामकिसनरावाच्या बैठकीत माझ्या दोनशे कपबश्या हायेत. पडद्याला हायेत, उशीला हायेत. रामकिसनराव झोपत्यात ते बी माझ्या चिन्हावर!” पार हसून हसून आडवा झाला म्हणे. त्या दिवसापासून आमच्याकडं माणसांची रीघ लागली. येणारा काही तरी निमित्त काढून यायचा, भिंत बघायचा, आमचाच चहा प्यायचा आणि फाटकाबाहेर जाऊन खिदळायचा.

मामांनी परमेश्वरला बोलावलं. “चुना मार.”

माझा नवरा आधी माझ्याकडं बघतो आणि मग वडिलांचं ऐकतो. त्यानं चुना मारला. मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक अशी तिंबली की आत्यांनी परात काढून घेतली. रडू येत होतं आणि रागही येत होता. दोन वर्षांत या घरात माझी म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती.

पण गेरू काही चुन्याला दाद देईना. चुना वाळत गेला तशा कपबश्या एक एक करत परत वर आल्या. पहिल्यापेक्षा नाजूक, गुलाबी. हनुमान भिंतीला नाक लावून मामांना म्हणाला, “आण्णा, ह्या तर उगवायल्यात.”

मग भिंतीवर फ्लेक्स टांगला. विमानासमोर हात जोडून उभे असलेले मामा. पंखा लावला की फ्लेक्स फडफडायचा आणि मामांच्या दोन्ही बाजूंनी कपबश्या डोकावायच्या. पंखा बंद केला तर बसणारे घामाघूम. शेवटी मामांनी मला समोर बसवून सांगितलं, “हे बघ, पोरी. निवडून आलो तर तुझी भिंत ऱ्हायली. फ्लेक्स काढू, परत रंगव, काय करायचं ते कर. पडलो, तर तिच्यावर ऑइल पेंट. चॉकलेटी. गेटाचा उरलाय त्यो.”

ऑइल पेंटखालून काही उगवत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

त्यानंतर मामांसाठी माझ्याइतकं गावात कुणी राबलं नसेल. उन्हातान्हात घरोघर गेले. ज्यांच्याशी मी कधी बोलले नव्हते त्यांच्या नातवंडांना कडेवर घेतलं. सटवाआबांच्या मेंढ्यांच्या वाड्यावर जाऊन त्यांना विमान म्हणजे कसं, मशीनवर कितव्या नंबरला, हे बोट धरून शिकवलं. लोक म्हणायचे, काय सून मिळाली, सासऱ्यावर किती जीव! जीव भिंतीवर होता, पण ते कुणाला कशाला सांगू?

मतदान झालं. दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. विठ्ठलराव सहाशे बारा, रामकिसनराव सहाशे अकरा.

फेरमोजणी मागितली. तेवढेच आले.

बैठकीत दहा-बारा जण मान खाली घालून बसले होते. बाहेर विठ्ठलरावांचा गुलाल चालला होता, हलगीचा आवाज घरात येत होता. मामा दिवाणावर, कपबशीच्या चादरीवर, नुसते बसून होते. एका मतानं पडणं फार वाईट. शंभरानं पडलेला माणूस रात्री झोपतो तरी.

हनुमाननं तोंड उघडलं. “आण्णा, दुसरं काय बी न्हाई. ह्या भिंतीनं पाडलं आपल्याला.”

“खरं हाय बे,” कुणीतरी म्हणालं. “समद्या गावानं हितं येऊन बघितलंय.”

मामा उठले. त्यांनी फ्लेक्स खेचून काढला, गोठ्यातून चॉकलेटी पेंटचा डबा आणला आणि स्क्रू ड्रायव्हरनं झाकण उचकटलं. ब्रश स्वतः हातात घेतला. मी भिंतीसमोर जाऊन उभी राहिले. ठरवून नाही, पायच तिकडं गेले.

“बाजूला व्हय, पोरी. बोललो व्हतो का न्हाई तुला?”

बोलले होते. आणि मी कबूलही केलं होतं.

तेवढ्यात आत्या चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “किती मतानं पडलात?”

“तुला म्हाईत न्हाई?” मामा कडाडले. “एका!”

“मग भिंतीला कावून दोष देता? भिंतीला मत ऱ्हातंय का? ते मत माझं हाय.”

कुणालाच काही समजलं नाही. हनुमान उगीच हसला. “वयनी, चुकून दुसरं बटण दाबलं का काय?”

“चुकून कावून दाबीन? चष्मा लावून, नीट बघून दाबलंय. कपबशीचं.”

मामांच्या ब्रशमधून चॉकलेटी रंगाचा थेंब फरशीवर पडला.

“तू विठ्ठलला मत दिलं?”

“विठ्ठलभाऊजीला कावून देऊ? त्या माणसाचं तोंड मला बघवत न्हाई.” आत्यांचा आवाज चढला नव्हता. भाजीला मीठ कमी पडल्याचं सांगावं तसं त्या सांगत होत्या. “मी मशीनपुढं हुबी ऱ्हायले. वर विमान. विमानात मी कवा बसलेते? खाली बघितलं तर कपबशी. म्हणलं, हे तर माझं हाय. लगीन झाल्यापासून ह्या घरात तुमची माणसं येत्यात आन मी च्या करतीया. दोनदा सरपंच झालता तुमी. दोन्ही बारीला पाच-पाच वर्षं पहाटं चूल पेटवली मी. कोणी म्हणलं का बायनाबाईनं काय केलं? फोटो लावले ते तुमचे. माझं काम ह्या भिंतीवर काढलं ते ह्या पोरीनं. तिला बी ठाव नव्हतं ती काय काढायलीय.”

खरंच नव्हतं ठाऊक. मला वाटलं होतं, मी नक्षी काढतेय.

“आन आणखी पाच वर्षं मला च्या करायचा न्हाई,” आत्या म्हणाल्या. “आता लावा भिंतीला रंग. बघते कसा लावता.” आणि त्या माझ्या शेजारी येऊन, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

मंडळी एक एक करून उठली. हनुमान सगळ्यात शेवटी गेला. गडबडीत दुसऱ्याच्या चपला घालून गेला. ट्रेमधला चहा कुणी घेतला नाही, त्यावर साय धरली.

मामा लाल झाले, मग त्यांचा रंग उतरला. मला वाटलं आता काही तरी फुटणार, किंवा फेकलं जाणार. माझा नवरा दाराच्या चौकटीत उभा होता. मामांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

“च्या, च्या! एवढं काय हाय त्या च्यात?” ते ओरडले. “माणसं येत्यात, च्या लागतोच! जसं काय डोंगर फोडायचाय! मी करून दावतो!”

आणि ते तरातरा स्वयंपाकघरात गेले.

आत भांडी आपटली. लायटर चार वेळा वाजला, पाचव्यांदा गॅस पेटला. एक डबा उघडला, बंद झाला. दुसरा उघडला. तिसऱ्यातून काही तरी सांडलं, बहुतेक रवा. आत्या हळूच भिंतीपासून सरकल्या आणि दिवाणावर पाय वर घेऊन, लोडाला टेकून बसल्या. बैठकीच्या दिवाणावर त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी गुपचूप पेंटच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं.

“आगं ए,” आतून मामांचा आवाज आला. त्या आवाजात आता मघाचा जोर नव्हता. “साखर कुठं ठिवलीय?”

आत्यांनी लोड पाठीशी नीट केला.

“हुडका,” त्या म्हणाल्या.