चेष्टेची नोंद

सुनेने कोशासाठी लिहिलेली नोंद सासऱ्यांनी मोठ्याने वाचायला घेतली, तेव्हाच तिने मनाची तयारी केली.

"चेष्टा. संस्कृतात चेष्ट् म्हणजे हालचाल करणे. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हिंदीतही बहुधा तोच अर्थ. मराठीत मात्र थट्टा." इथवर आवाज खणखणीत होता. उदाहरण आलं तसा तो खाली गेला. "'अहो सूनबाई, चेष्टा केली, लगेच तोंड कसलं पाडता?' प्रमुख संपादक, घरी, पाहुण्यांसमोर."

प्रमुख संपादक म्हणजे ते स्वतःच. कोशात मनचं उदाहरण घालायचं नाही, कानांनी ऐकलेलं घ्यायचं, बोलणाऱ्याचा उल्लेख करायचा आणि साक्षीदार असेल तरच ठेवायचं, हा नियमही त्यांचाच. लग्न झाल्यापासून सून या टेबलाशी राबत होती. कोशाच्या 'च'पर्यंतच्या पहिल्या खंडाच्या पहिल्या पानावर मात्र नावं बापलेकांची. तिचं तिसरं घालायचं का, ते आज ठरणार होतं. छापखान्याचा माणूस त्या पानासाठीच ताटकळत बसला होता. अशा वेळी गप्प राहायचं सोडून तिने ही कळ काढली, कारण परवा पाहुण्यांना सासरे म्हणाले होते, "ही फक्त कागदांवरची धूळ झटकते." ते तिला फार लागलं होतं.

"साक्षीदार?" सासऱ्यांनी विचारलं.

"हे होते की शेजारी," तिने नवऱ्याकडे बोट केलं.

नवऱ्याने मुद्रितातून डोकं वर काढलं नाही. "मला नाही बुवा आठवत."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासऱ्यांच्या टोमण्यांनीही ती इतकी कधी पेटली नव्हती.

"आठवत नाही?" म्हातारा मुलावर उखडला. "सगळ्यांत मोठ्याने तूच खिदळत होतास. माझ्या कोशात खोटी साक्ष देतोस?" त्यांनी उदाहरणाखाली सही ठोकली, पहिलं पान पुढे ओढलं आणि मुलाच्या नावावर काट मारली.

सून वाट बघत उभी राहिली. सासऱ्यांनी पेनाला टोपण लावलं.

"आणि माझं नाव, बाबा?"

"नोंद चांगली झालीय," ते म्हणाले आणि पान छापखान्याच्या माणसाच्या हातात दिलं.

"मग 'छ'पासून पुढचं तुमचं तुम्ही बघा."

ती चपला घालून निघून गेली. 'छ'चं काम कुठवर आलंय, हे बापलेकांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.