अर्धं सूत

गाडी डावीकडे ओढते, हे मी आठ महिने सांगत होतो आणि घरात कोणी मनावर घेत नव्हतं. "बाबा, गाडी ओढत नाही, तुम्ही ओढता," असं लेक तोंडावर म्हणाली तेव्हा मात्र माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी माझा डावा हात कप उचलेना. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा तो निम्माशिम्माच माझ्याबरोबर परत आला होता. लेकीच्या मते हा हात स्टिअरिंगला नुसता लोंबतो आणि गाडीला आपल्या बाजूला खेचतो. माझ्या मते पुढची चाकं वाकडी झाली होती. शेवटी ठरलं, की रविवारी ती येईपर्यंत मी चाकांचं माप घ्यायचं. वाकडी निघाली तर सरळ करायची आणि गाडी मीच चालवायची. सरळ निघाली तर किल्ली तिच्या ताब्यात.

गाडी माझ्या लग्नाहून जुनी आहे. फिकट निळी, गोल दिव्यांची. नाक्यावरच्या गॅरेजात अलाइनमेंटचं मशीन आहे, पण त्या मशीनच्या यादीत हिचं नावच नाही. मला त्यात आनंदच झाला. आम्ही पूर्वी हे काम दोरा बांधूनच करायचो.

दोरा बायकोने आणला. ती शिवणकाम करते. सुतळी जाड, माप चुकेल, म्हणून तिने तिचा पक्का लाल दोरा काढला. आमच्या घरात सूत या शब्दाचे पहिल्यापासून दोन अर्थ आहेत. लेथवर काम करणाऱ्या मला सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तिला सूत म्हणजे धागा. तरुणपणी मी तिच्या दुकानात पँट देऊन "कंबर दोन सूत सैल करा" म्हणालो होतो, आणि तिने मोजून दोन टाके उसवले होते. भांडायला गेलो तो रोजच जायला लागलो. असं आमचं सूत जुळलं.

शेडमध्ये दुपारचं ऊन पत्र्याच्या फटींतून खाली येत होतं. गाडीच्या पुढे दोन आणि मागे दोन स्टुलं ठेवून आम्ही दोन्ही बाजूंनी चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोरे ताणले. स्टिअरिंग सरळ करून बांधून टाकलं. मग मी खुर्चीत बसलो आणि नुसता बघत राहिलो. दोरे जरासे थरथरत होते, त्यांच्यावरून उजेड सरकत होता. बघता बघता मला वाटायला लागलं, की हे दोरे स्टुलांपाशी थांबतच नाहीत, भिंतीतून पार निघून जातात, आणि मधून आमची निळी गाडी आवाज न करता चालली आहे. तलावाकडचा रस्ता, दोन्हीकडची झाडं, बाजूला बसलेली ही. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि दोन्ही धड. तो रस्ता संपू नये असं मला फार वाटलं.

"झोपलात का?" टेप गळ्यात अडकवून ती समोर उभी होती.

"विचार करतोय."

"घोरत विचार करताय."

मला वाकता येत नाही, म्हणून मोजायचं काम तिचं. हिशेब साधा होता. दोऱ्यापासून चाकाच्या कडेचं अंतर एकदा मागच्या अंगाला मोजायचं, एकदा पुढच्या. पुढचं अर्धं सूत जास्त भरलं तर चाकाने नाक किंचित आत वळवलंय, ते तसंच हवं. कमी भरलं तर नाक बाहेर. डाव्या चाकाचं नाक बाहेर असू दे, एवढंच मी मनात मागत होतो.

उजवं चाक तिने झटक्यात मोजलं. "मागे चार इंच. पुढे चार आणि अर्धं सूत."

"ते ठीक आहे. आता डावं."

डाव्या चाकापाशी ती बराच वेळ बसली. टेप लावला, काढला, पुन्हा लावला. साध्या चाकाला ब्लाउजच्या गळ्याइतका वेळ लागतो का, असं माझ्या मनात आलं.

"मागे चार," ती म्हणाली. "पुढे साडेचार."

"पुढे जास्त?"

"चांगलं अर्धा इंच. तरीच ओढते ती. बरोबर होतं तुमचं."

नाक अर्धा इंच आत असतं तर गाडी उजवीकडे पळाली असती. कापड जिकडे सैल तिकडे झुकतं, हा तिच्या धंद्यातला हिशेब. डाव्या बाजूला जागा जास्त दाखवली की गाडी डावीकडे झुकते असं धरून तिने आकडा बेतला होता. आकडा खोटा, म्हणजे खरा आकडा मला कळलाच होता.

तरी मी मडगार्डला धरून कसाबसा खाली बसलो. उजव्या हाताची बोटं दोरा आणि चाकाच्या मध्ये आधी मागे घातली, मग पुढे. चाळीस वर्षं लेथवर काढलेल्या बोटांना अर्धं सूत कळतं.

"चाक सरळ आहे," मी म्हणालो.

"माझं वाचण्यात चुकलं असेल."

"खोटं बोलायचं तर निदान गाडी डावीकडे जाईल असं तरी बोलायचं."

ती हसली नाही. तिने मला उठवलं आणि जवळचं दार उघडून आत बसवलं. दार तिच्या बाजूचं होतं. लग्नाच्या एकतीस वर्षांत मी त्या सीटवर कधी बसलो नव्हतो. दम खात खाली बघितलं तर पायाखाली रबरी मॅट, मागच्याच वर्षी मी नवी टाकलेली. तिच्यावरच्या रेघा सगळीकडे शाबूत होत्या. फक्त उजवा पाय येतो तिथे, तळहाताएवढ्या जागेत, पार घासून गुळगुळीत झाल्या होत्या. तिथे पाय ठेवल्यावर मला कळलं. हाच पाय माझ्या बाजूला असता तर त्याच्याखाली ब्रेक असता.

"इतकी घाबरायचीस?" मी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही दवाखान्यातून आलात तेव्हापासून."

"मग साडेचार का म्हणालीस?"

ती दोरा गुंडाळत होती. "मला भीती वाटते ती वाटू दे, ती मी बघून घेईन," ती म्हणाली. "पण गाडी दारात आणि तुम्ही खिडकीत, हे मला बघवलं नसतं."

मी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. ठेवली ती डाव्या हाताने, त्यामुळे जरा वेळ लागला, आणि तेवढा वेळ ती हात पुढे धरून उभी राहिली.