वाकड्या माणसाची अंघोळ

"त्या घरात मंडळाचं पाऊल पडणार नाही," मास्तर म्हणाले, आणि विषय मिटला अशा थाटात चष्मा काढून पुसायला लागले.

सिस्टर कोपऱ्यात कुबड्यांच्या ढिगाशेजारी बसली होती. मंडळाची खोली एवढीशी. चाकाच्या खुर्च्या, वॉकर, लोखंडी खाटांचे सुटे भाग यांच्यामधून जागा काढून माणसांनी बसायचं.

"मग मंडळ म्हणून नाही जात," ती म्हणाली. "मी म्हणून जाते."

"तसं नसतं."

"कसं असतं मग?"

ती सिस्टर कधीच नव्हती. इस्पितळात आया होती. लोक सिस्टर म्हणायचे, ती सुधारायची, शेवटी तिने नाद सोडला. निवृत्तीनंतर घरात बसवेना म्हणून ती मंडळात आली. मंडळाचं काम साधं होतं. घरात कोणी खाटेला खिळलं, तर त्याला लागेल ती वस्तू वापरायला द्यायची आणि घरच्यांना झेपत नसेल तर जाऊन त्या माणसाला अंघोळ घालायची. अंघोळीचं काम सिस्टर आणि धाकटीकडे. धाकटी नात्याने तिची कोणी नव्हती. गल्लीच्या तोंडाशी तिचं शिवणकामाचं दुकान होतं. पण कामात एकीने खांदे धरायचे आणि दुसरीने पाय, असं करता करता एक ताई झाली, एक धाकटी.

आणि ज्याच्या घरी जायचं नव्हतं, तो कंत्राटदार. पूर्वी मंडळ त्याच्या इमारतीत तळमजल्यावर होतं. आजाऱ्यांच्या वस्तूंनी इमारतीची कळा जाते, असं म्हणून एके सकाळी त्याने सगळं सामान तळघरात टाकलं आणि वर आपलं कुलूप घातलं. भांडण महिनोन्‌महिने चाललं. नेमकी त्याच काळात धाकटीची आई अंथरुणाला खिळली. तिच्या पाठीला जखमा झाल्या, हवेची गादी हवी होती, आणि मंडळाची एकुलती एक गादी त्या कुलपाआड. धाकटीने त्याच्या दाराचा उंबरठा झिजवला. तो दर वेळी म्हणायचा, "उद्या ये." असे उद्या होता होता आई गेली. सामान सुटून मंडळ या खोलीत आलं ते त्यानंतर.

आता त्यालाच लकवा झाला होता. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. मुलं परदेशात. पगारी माणसं दोन दिवसांत पळून जात, कारण डावा हात शाबूत होता आणि तो हाताला येईल ते फेकून मारी. त्याची बायको सकाळपासून मंडळाच्या दाराबाहेर उभी होती. आत ये, असं तिला कोणी म्हटलं नव्हतं.

"आधी त्याने माफी मागावी," मास्तर म्हणाले. "सगळ्यांसमोर."

"त्याची वाचा गेलीय, मास्तर."

"खुणेने मागू दे."

कोणीतरी हसलं. सिस्टर हसली नाही. "माफी मागितली तर धुवायचं, नाही मागितली तर सडू द्यायचं. चांगलं आहे. मग दारावर मंडळ कशाला लिहिलंय? कोर्ट लिहा."

"सिस्टर, भावना समजून घ्या. धाकटीचा तरी विचार करा."

धाकटी खिडकीशी पाठ करून उभी होती. ती वळली आणि अगदी हळू म्हणाली, "ताई, तू त्याच्याकडे गेलीस तर माझ्याकडे येऊ नकोस."

हिच्या आईचं अंग शेवटचं सिस्टरनेच पुसलं होतं. ती पाठ तिने पाहिली होती. त्यामुळेच तर स्वस्थ बसवत नव्हतं.

ती उठली. मास्तर म्हणाले, "जाणारच असाल तर खोलीची किल्ली ठेवून जा."

"तुम्ही या न्यायला," सिस्टर म्हणाली आणि बाहेर पडून कंत्राटदाराच्या बायकोला म्हणाली, "चला. पाणी तापवायला लागेल."

पहिल्या दिवशी तो तिच्या तोंडावर थुंकला. तिने बाहीने तोंड पुसलं, तांब्या उचलला आणि त्याच्या डाव्या हाताच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. "झालं? आता पाठ दाखवा."

बायकोने पाय धरले, तिने खांदे. कुशीवर वळवल्यावर वास आला. कमरेखाली तळहाताएवढी जखम झाली होती, कडा काळवंडलेल्या. बायको तोंड फिरवून रडायला लागली.

"रडा, पण पाय सोडू नका," सिस्टर म्हणाली. मग त्याच्या कानाशी वाकून बोलली. आवाज चढवला नाही. "शिवणवाली तुमच्या दारात यायची, आठवतं? तिच्या आईची पाठ अशीच झाली होती. याहून वाईट. तुम्ही उद्या ये म्हणायचात. मी आज आलेय. तुमच्यावर माया आहे म्हणून नाही, हे लक्षात ठेवा."

त्याने मान भिंतीकडे वळवली. तिने ती परत वळवली, कारण कानामागे धुवायचं राहिलं होतं.

जखमेला नुसत्या धुण्याने भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिने किल्लीने मंडळाची खोली उघडली. मास्तर आत पेपर वाचत बसले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत तिने कपाटावरची हवेची गादी खाली ओढली.

"ती गादी?" मास्तरांच्या हातातला पेपर खाली आला. "तीच गादी तुम्ही त्याला देणार?"

"दुसरी आहे का आपल्याकडे?"

दारात आडवे यायला मास्तर उठले खरे, पण सिस्टर गादी डोक्यावर घेऊन सरळ चालत आली तेव्हा बाजूलाच झाले.

जायचा रस्ता एकच, धाकटीच्या दुकानावरून. मागच्या गल्लीतून वळसा घालता आला असता. सिस्टरने घातला नाही. लपूनछपून करायचं असतं तर मंडळात भांडली कशाला असती? दुकानासमोर येताच आतलं शिवणयंत्र थांबलं. धाकटी बघत होती. सिस्टरनेही तिच्याकडे पाहिलं, गादी सावरली आणि पुढे गेली. यंत्र पुन्हा सुरू झाल्याचा आवाज तिला कोपऱ्यापर्यंत आला नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दोन घरांनी कळवलं की, त्याला लावलेले हात आमच्या माणसाला नकोत. भाजीवालीने बोलणं टाकलं. कंत्राटदाराचं वजन काही कमी नव्हतं, सिस्टरची कंबर धरली. त्याची बायको चादरी धुऊन धुऊन मेटाकुटीला आली. पण जखमेच्या कडा लाल व्हायला लागल्या, म्हणजे आता मांस जिवंत होतं.

एका सकाळी कंत्राटदाराचं दार वाजलं. बाहेर धाकटी उभी होती, चपला पायात तशाच.

"मी आत येणार नाही," ती म्हणाली. "चादरी दे."

"कसल्या?"

"घाणेरड्या. तू म्हातारी झालीस, मरशील अशाने. मी त्याला हात लावणार नाही. चादरींनी माझं काही केलेलं नाही."

सिस्टरने गाठोडं आणून दिलं. धाकटी ते काखोटीला मारून गेली. संध्याकाळी चादरी परत आल्या, इस्तरी केलेल्या. फाटलेल्या कोपऱ्यांना ठिगळंही लावलेली होती. मग हे रोजचंच झालं. गाठोडं दारातून जायचं, दारातून यायचं, पण उंबरा ती ओलांडत नव्हती.

पुढे कंत्राटदाराची बायको तापाने पडली. सिस्टरने एकटीनेच त्याला वळवायला घेतलं आणि तो हातून निसटला. अर्धं अंग खाटेबाहेर लोंबकळायला लागलं. "धाकटे!" सिस्टर ओरडली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच ओरडली होती.

गाठोड्यासाठी दारात उभी असलेली धाकटी धावत आत आली. तिने काही विचार केला नाही, आजवरच्या सवयीने त्याचे खांदे धरले आणि त्याला वर ओढून कुशीवर घेतलं. मग तिच्या लक्षात आलं, आपण कोणाला धरलंय. समोर त्याची पाठ होती. जखम भरून आली होती, वर नवी गुलाबी कातडी धरली होती.

"आईचीही भरली असती," ती म्हणाली.

"हो," सिस्टर म्हणाली. खोटं काय बोलायचं?

धाकटीने त्याचे खांदे सोडले नाहीत. उलट पुढे वाकून त्याच्या डोळ्यांत बघितलं. "तुम्हाला माझ्या आईचं काहीच माहीत नाही ना? मग ऐका. कुठे जाणार आहात? ती दोरा दातांनी तोडायची. कात्री समोर असली तरी."

त्या दिवसापासून ती चपला काढून आत यायला लागली. तो कुशीवर असेपर्यंत ती आईचं काहीतरी सांगायची. आई कुत्र्यांना घाबरायची. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान झोपेतही काढायची नाही. पहिले काही दिवस तो डोळे घट्ट मिटून घ्यायचा. ती म्हणायची, "कान मिटता येत नाहीत," आणि सांगत राहायची. आवाजात दया नव्हती. ही बाई होऊन गेली, एवढंच ती त्याच्या डोक्यात घालत होती, टाका घट्ट घालावा तसं. सिस्टर मधे पडली नाही.

मंडळाच्या खोलीची किल्ली न्यायला मास्तर कधीच आले नाहीत.

एकदा धाकटी घाईत होती. कसले तरी कपडे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. तिने मुकाट्याने खांदे धरले, पाठ पुसून झाली, पावडर लावली, त्याला उताणं केलं आणि ती मळकी चादर ओढायला लागली. चादर येईना.

"अडकली का?" सिस्टरने विचारलं.

अडकली नव्हती. तिचं टोक त्याने डाव्या मुठीत धरलं होतं.

"सोडा," धाकटी म्हणाली. तिने हिसका दिला. मूठ सुटली नाही. तो तिच्याकडे बघत होता, वाकड्या तोंडाने, डोळे न मिटता.

"आज तू काही बोलली नाहीस," सिस्टर हलकेच म्हणाली.

धाकटीने पायाने स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. चादरीचं दुसरं टोक तिच्या हातात होतं.

"आई पत्ते खेळताना लबाडी करायची," ती म्हणाली.